काळ्या कुर्त्यावरचे पांढरे ठिपके: कापसाच्या परिपक्वतेविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत कापडावरचे ठिपके, टी-शर्टवरचे पट्टे, गिरणीने परत पाठवलेल्या कापसाच्या गाठी आणि गादीत झालेले गोळे अशा वरवर वेगळ्या तक्रारी आहेत. बहुतेकींचं मूळ एकाच जागी सापडतं: बोंडात असताना तंतूची भिंत किती भरली. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त ठिकाण दिलं आहे.

दादर: मंगलदास मार्केटमधून काळं सुती कापड घेऊन कुर्ता शिवला. दोन धुण्यांनंतर त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसू लागले. दुकानदार म्हणतो, साबणाचा दोष. खरं काय? पुन्हा रंगवून घेतला तर ठिपके जातील का?

आधी साबणाची चौकशी संपवू. कुर्ता साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, दोनदा खळबळा आणि सावलीत वाळवा. पावडर चिकटून राहिली असेल तर ठिपके गेलेले दिसतील. उरले तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सुईच्या टोकाने एक ठिपका उचकून पाहा. तिथे गाठ नसून सुताचाच रंग उडालेला असेल, तर ब्लीचचा शिंतोडा पडलेला आहे. सरळ, जाडसर, मेणचट पांढरा धागा निघाला तर तो प्लास्टिकचा. खताच्या पोत्यांचे असे धागे वेचणीच्या वेळी कापसात येतात, आणि सुतावर चढणारा रंग त्यांच्यावर चढत नाही. ज्योतीजवळ नेला की तो आक्रसतो, वितळतो आणि मागे कडक मणी राहतो. पण चपट्या, चमकणाऱ्या, अतिशय बारीक तंतूंचा गुंता हाती आला आणि जाळल्यावर कागद जळल्यासारखा वास आला, तर तो अपक्व (न पिकलेल्या) कापसाचा नेप, म्हणजे गुंतलेल्या तंतूंची बारीक गाठ. तुमच्या पत्रातलं वर्णन याच तिसऱ्या प्रकाराशी जुळतं.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे ती फक्त लांबीला वाढते. लांबी पूर्ण होत येते तसे आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात, आणि हे काम पुढचे तीन-चार आठवडे चालतं. या दुसऱ्या टप्प्यात पाणी, ऊन किंवा अन्न कमी पडलं तर तंतू लांबीला पूर्ण पण भिंतीने पातळ राहतो. बोंड उकललं की आतलं पाणी सुकतं. भरलेला तंतू थोडासाच दबतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. पातळ भिंतीचा तंतू हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा सपाट बसतो. त्याला ताठपणा नसतो, म्हणून जिनिंगच्या रेच्यात (रुई सरकीपासून सुटी करणाऱ्या यंत्रात) आणि पुढे गिरणीच्या ब्लो रूममध्ये (रुई फोडून साफ करण्याच्या विभागात) मार बसला की तो शेजारच्या तंतूंत गुंतून गाठ होते. नेपमध्ये पक्व तंतू क्वचितच सापडतात. त्यांचा ताठपणाच त्यांना गुंतू देत नाही.

अशी गाठ रंग घेत नाही असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धवट खरं आहे. रंग ती घेते. पण भिंत इतकी पातळ असते की प्रकाशाला रंगीत थरातून फारच थोडं अंतर कापावं लागतं, आणि सपाट पृष्ठभागावरून तो चकाकून परत येतो. डोळ्याला ठिपका फिका दिसतो. पुन्हा रंगवल्यास भोवतालचं कापडही तितकंच गडद होईल आणि फरक जसाच्या तसा राहील. पैसे वाया जातील.

धुतल्यावरच ठिपके का दिसले? नव्या कापडावर खळ, सॉफ्टनर आणि कॅलेंडरिंगचा (रुळांतून काढून गुळगुळीत करण्याचा) दाब असतो. लोंब आणि गाठी सुताला चिकटून बसलेल्या असतात. धुण्यात हे सगळं निघतं, सूत फुगतं आणि आतले नेप वर येतात. दुकानदाराचं म्हणणं इतकंच खरं की धुण्याने ठिपके दिसले. तयार मात्र ते धुण्याने झाले नाहीत. आता मोजके असतील तर कापडावर लिहिण्याच्या काळ्या पेनाने टिपून घ्या. सुईने ओढून काढू नका. गाठ सुताच्या पिळात अडकलेली असते, ती ओढली की बारीक सूत तिथेच तुटतं.

पुढच्या खरेदीला काळा, नेव्ही, मरून, बाटली हिरवा असे रंग घेताना कापड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सपाट धरून पाहू नका. दाराशी नेऊन उजेडाला तिरपं धरा, दोन्ही बाजू पाहा. शक्य असेल तर रुमालाएवढा तुकडा आणून धुऊन बघा. फिक्या रंगात आणि भरगच्च छपाईत हाच कापूस निमूट खपून जातो.

भिवंडी: आमच्या प्रोसेसिंगमध्ये आलेल्या ग्रे (कोऱ्या) कापडात डेड कॉटनचे (मेलेल्या तंतूंचे) ठिपके आहेत हे ब्लीचिंगनंतर कळलं. गडद रंगाची ऑर्डर आहे. मर्सराइज केल्यास (ताणलेल्या कापडाला कॉस्टिक सोडा दिल्यास) लपतील का?

बरेचसे लपतील, सगळे नाही. कॉस्टिकमध्ये पातळ भिंतीचा तंतू फुगतो, गोलसर होतो, म्हणून प्रकाश त्यातून वेगळ्या तऱ्हेने जातो आणि रंग भरलेला दिसतो. ज्याच्यात दुसरी भिंत, म्हणजे आतले सेल्युलोजचे थर, जवळजवळ तयारच झाली नाही, अशा मेलेल्या तंतूत फुगायलाच काही नसतं. तो ठिपका राहणार.

कॉस्टिकची तीव्रता 48 ते 54 अंश ट्वाडेल (द्रावणाच्या घनतेचं माप), म्हणजे वजनाने साधारण 22 ते 25 टक्के, ठेवा. तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस, वेळ 30 ते 60 सेकंद, आणि कापड ताणलेलं. मुंबईच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये इथेच घात होतो. शीतकरण बंद असेल किंवा ताजं द्रावण थंड न करताच वापरलं तर टाकीचं तापमान चढतं, तंतू नीट फुगत नाही, आणि मीटरवर ट्वाडेल बरोबर असूनही ठिपके तसेच राहतात. ग्रे कापड नीट डिसाइझ झालं नसेल, म्हणजे त्यातली खळ निघाली नसेल, तर कॉस्टिक आतपर्यंत पोचत नाही. ताण सोडण्याआधी गरम पाण्याने बहुतेक कॉस्टिक काढून घ्या, नाहीतर कापड आक्रसतं. शेवटी आम्ल देऊन उदासीन करा आणि पीएच तपासा. उरलेला क्षार रिअॅक्टिव्ह रंगात डाग आणि शेडफरक करतो.

मर्सराइज केलेलं कापड त्याच कृतीत जास्त गडद होतं. लॅब डिप (रंगाचा चाचणी नमुना) साध्या कापडावर घेतलेली असेल तर ती बाजूला ठेवा आणि मर्सराइज केलेल्या तुकड्यावर नव्याने घ्या. रंग पुरवणाऱ्याकडे डेड कॉटन कव्हरेजची, म्हणजे मेलेले तंतू किती झाकले जातात याची, माहिती मागा. एकाच लाल रंगाच्या दोन रंगद्रव्यांत यात मोठा फरक असतो.

सेल्युलेज (सेल्युलोज तोडणाऱ्या) एन्झाइमने वरवरचे नेप सैल होतात. आम्लधर्मी एन्झाइम असेल तर पीएच 4.5 ते 5.5, 50 ते 55 अंश, अर्धा ते एक तास. मग तापमान 80 अंशांवर नेऊन क्रिया थांबवायची. कापडाचं वजन 3 ते 5 टक्के घटतं आणि ताकदही थोडी जाते, म्हणून आधीच हलक्या कापडावर हा उपाय आम्ही सुचवणार नाही.

कॉटन ग्रीन: मी दलालीच्या धंद्यात नवा आहे. दोन लॉटचा मायक्रोनेअर (माइक) 3.6, लांबी सारखी, रंग सारखा. गिरणीने एक घेतला आणि दुसरा नेपचं कारण देऊन नाकारला. माइक सारखा असताना हे कसं?

कारण मायक्रोनेअर ही परिपक्वता नाही. या सदरातल्या निम्म्या पत्रांचं उत्तर या एका वाक्यात आहे.

मायक्रोनेअरच्या यंत्रात ठरावीक वजनाची रुई ठरावीक जागेत दाबतात आणि तिच्यातून हवा सोडतात. हवेला किती अडथळा होतो त्यावरून आकडा मिळतो. हा अडथळा तंतूंच्या एकूण पृष्ठभागावर अवलंबून असतो. पृष्ठभाग दोन कारणांनी वाढतो: वाणच बारीक तंतूचा असेल तर, किंवा वाण जाड तंतूचा असून भिंती भरल्याच नसतील तर. यंत्राला दोन्ही सारखेच.

याचं गणित लॉर्ड यांनी 1956 मध्ये मांडलं. परिपक्वता गुणोत्तर आणि बारीकपणा (मिलिटेक्समध्ये, म्हणजे एका किलोमीटर तंतूचं मिलिग्रॅममधलं वजन) यांचा गुणाकार हा 3.86 गुणिले माइकचा वर्ग, अधिक 18.16 गुणिले माइक, अधिक 13, इतका येतो. माइक 3.6 घाला: 50.0 अधिक 65.4 अधिक 13, म्हणजे सुमारे 128. आता पहिल्या लॉटचा तंतू 135 मिलिटेक्स असेल तर परिपक्वता गुणोत्तर 0.95, म्हणजे छान पिकलेला. दुसऱ्याचा 170 असेल तर 0.76, म्हणजे स्पष्ट अपक्व. आकडा एक, कापूस दोन. 0.80 च्या खाली गेलेल्या कापसात नेपचा त्रास जवळपास ठरलेला, आणि 0.85 च्या वर गेल्यावर गिरणीवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या कमी होतात.

म्हणून वाण माहीत असणं धंद्यात फार मोलाचं. सुविनसारख्या अतिलांब धाग्याच्या वाणात 3.2 माइक दिसला तर घाबरण्याचं कारण नाही, तो जन्मतःच बारीक आहे. एखाद्या मध्यम धाग्याच्या वाणात, जो एरवी 4.3 च्या आसपास येतो, तिथे 3.4 दिसला तर तो न पिकलेला माल समजावा.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टबद्दल. एचव्हीआयच्या (रुईचे गुण झपाट्याने मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर ‘मॅट’, म्हणजे परिपक्वता, असा रकाना असतो आणि अनेक जण त्यावर बोट ठेवून भाव करतात. तो आकडा थेट मोजलेला नसतो. माइक, ताकद आणि ताण यांवरून यंत्राने काढलेला असतो. त्याच माइकवरून निघालेला आकडा त्याच माइकची चूक पकडणार कशी? लॉट मोठा असेल तर एफिस यंत्रावरचा रिपोर्ट मागा. त्यात तंतू एकेक करून जातात आणि परिपक्वता गुणोत्तर, अपक्व तंतूंचं प्रमाण आणि एका ग्रॅममधले नेप असे तीन स्वतंत्र आकडे मिळतात. मुंबईत माटुंग्याची सिरकॉट ही कापूस संशोधन संस्था, जिची सुरुवात 1924 साली तंत्रप्रयोगशाळा म्हणून झाली, आणि घाटकोपरची बीटीआरए ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था, या दोन्ही ठिकाणी कापसाची चाचणी होते. नमुना एकाच गाठीच्या एकाच कोपऱ्यातून ओढू नका. बऱ्याच गाठींच्या दोन्ही बाजूंनी घ्या. गाठींमध्येच फरक असेल तर सरासरीच्या आकड्यामागे तो लपून बसतो.

उल्हासनगर: आमच्या होजिअरीच्या टी-शर्टवर रंगाईनंतर आडवे फिके-गडद पट्टे येतात. डाइंगवाला सुताला, सूतवाला आमच्या मशीनला दोष देतो. भांडण कसं सोडवायचं?

पट्टा ठरावीक ओळींनी परत येतो का, ते आधी मोजा. 90 फीडरच्या (सूत पुरवणाऱ्या जागांच्या) गोल मशीनवर दर 90 ओळींनी तोच पट्टा आला तर एक फीडर किंवा त्यावरचा एक कोन (सुताचा शंकू) गुन्हेगार. मग फिक्या आणि गडद ओळीतलं सूत सारख्याच टाक्यांएवढं उसवून काढा, सरळ करून लांबी मोजा. लांबीत फरक असेल तर टाक्याची लांबी बिघडली आहे, म्हणजे ताण किंवा फीड यांचा दोष, आणि तो मशीनवर दुरुस्त होतो.

लांबी सारखी निघाली तर पट्ट्यासह तुकड्याचा रंग कॉस्टिक आणि हायड्रोने उतरवून टाका. रंग गेल्यावरही पट्टा दिसत असेल तर सूत जाड-बारीक आहे किंवा टाका चुकला आहे. पट्टा नाहीसा झाला तर दोष रंग घेण्यात, आणि तिथे संशय वेगवेगळ्या परिपक्वतेच्या कापसावर जातो. एका लॉटमध्ये गिरणीने 4.2 माइकची मिक्सिंग (गाठींचं मिश्रण) घातली, पुढच्या आठवड्यात गाठी संपल्या म्हणून 3.8 ची, आणि तुम्ही दोन्ही कोन एकाच मशीनवर चढवले, तर पट्टा येणारच.

यातलं सूतवाल्याचं काम: मिक्सिंग ते मिक्सिंग सरासरी माइकचा फरक 0.1 च्या आत ठेवणं. तुमचं काम: लॉट नंबर आणि कोनच्या कागदी नळीचा रंग पाहिल्याशिवाय मशीनवर सूत न चढवणं. उरलेले कोन पुढच्या लॉटमध्ये घालून संपवायची सवय होजिअरीत फार आहे. ते वेगळ्या ऑर्डरला, फिक्या रंगाला वापरा. गोदामात एक अतिनील दिवा ठेवा. अंधाऱ्या खोलीत कोन त्याखाली शेजारी ठेवले की मिसळलेला लॉट बहुधा वेगळ्या झाकेने चमकतो. दिव्याला फार पैसे पडत नाहीत, पण हा पुरावा पक्का समजू नका. संशयित कोन हेरण्यापुरताच तो कामाचा.

माटुंगा: टेक्स्टाइलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉस्टिक सोडा पद्धतीने परिपक्वता काढताना माझे आणि मित्राचे आकडे जुळत नाहीत. कुठे चुकतं?

बहुधा द्रावणात, नाहीतर मोजणीत. 18 टक्के द्रावण म्हणजे 82 ग्रॅम पाण्यात 18 ग्रॅम कॉस्टिक. 100 मिलीलिटर पाण्यात 18 ग्रॅम नव्हे. पावसाळ्यात कॉस्टिकच्या गोळ्या तराजूवरच पाणी ओढू लागतात, म्हणून बरणी पटकन बंद करा आणि वजन चटकन करा. गोळ्या पाण्यात टाकायच्या, पाणी गोळ्यांवर ओतायचं नाही. उष्णता फार निघते. हातमोजे आणि चष्मा वापरा. गार झाल्यावर प्लास्टिकच्या बाटलीत भरा. जुनं, हवा लागलेलं द्रावण कार्बोनेट होऊन कमजोर पडतं, तंतू पुरते फुगत नाहीत आणि तुमचा कापूस उगाच अपक्व ठरतो.

कोंब सॉर्टरवरून (तंतू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या उपकरणावरून) वेगवेगळ्या लांबीच्या गटांतून बारीक झुबके घ्या. फक्त लांब तंतू घेतले तर आकडा फुगतो, कारण अपक्व तंतू सहज तुटून आखूड गटात जमा झालेले असतात. काचपट्टीवर शंभरेक तंतू समांतर पसरा, ताणू नका. वर आच्छादन काच ठेवा आणि कडेने द्रावणाचा थेंब सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. बुडबुडा अडकला तर ती पट्टी टाकून द्या. मग 400 पट मोठं करून, तंतूच्या मधल्या भागात, प्रत्येक तंतू एकदाच मोजत जा. सलग पोकळी न दिसणारा, कांडीसारखा गोल झालेला तो सामान्य. ज्याची भिंत रुंदीच्या एक पंचमांश किंवा त्याहून कमी, तो मृत. मधले सगळे पातळ भिंतीचे.

सूत्र: सामान्यांच्या टक्केवारीतून मृतांची टक्केवारी वजा करा, 200 ने भागा, 0.70 मिळवा. सामान्य 52 आणि मृत 18 असतील तर 34 भागिले 200, म्हणजे 0.17, त्यात 0.70 मिळवले की 0.87. सामान्य 67 आणि मृत 7 आले तर बरोबर 1.00. तुमचं आणि मित्राचं भांडण मधल्या गटावरून असणार. एकाच पट्टीवर दोघांनी स्वतंत्र मोजा आणि ज्या तंतूंवर मत फुटतं, ते पट्टीने मोजून निर्णय घ्या. नजरेच्या अंदाजावर सोडू नका. चार-पाच पट्ट्यांखाली निष्कर्ष काढू नये.

सूक्ष्मदर्शकाची भिंगं काम संपल्यावर लगेच पुसा. कॉस्टिक काचेला खातो, आणि प्रयोगशाळेतले सर तुम्हाला.

झटपट अंदाजासाठी गोल्डथवेट यांची दोन रंगांची चाचणी आहे: लाल आणि हिरवा असे दोन डायरेक्ट रंग एकत्र उकळत्या पाण्यात, त्यात रुई. पक्व तंतू लाल होतात, अपक्व हिरवे. आकडा मिळत नाही, पण दोन नमुने शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

डोंबिवली: भावाची यवतमाळला शेती आहे. शेवटच्या वेचणीच्या कापसाला व्यापारी भाव पाडून मागतो. फरदड (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा कापूस) घेतली तर आणखीच कमी. हे नुसतं लुबाडणं आहे का?

भाव पाडण्याची संधी व्यापारी साधतो हे खरं, पण मालात फरक असतो हेही खरं. नोव्हेंबरच्या मध्यात आलेल्या फुलाला भिंत भरायला डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री मिळतात. रात्रीचं तापमान विशीच्या खाली उतरलं की सेल्युलोज बनण्याचा वेग मंदावतो. त्यात हलक्या जमिनीत ओल संपलेली, पानं लाल्याने (पानं लाल पडण्याच्या विकाराने) गेलेली, म्हणजे झाडाकडे द्यायला अन्नच नाही. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड वेळेआधी उकलतं आणि कवडी (डागाळलेला, न फुललेला कापूस) निघते. फरदडीत ही तिन्ही संकटं एकत्र येतात, शिवाय अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. कृषी विभाग फरदड घेऊ नका म्हणतो ते याचसाठी.

भावाला सांगा: पहिली, दुसरी आणि शेवटची वेचणी वेगळी ठेवा. शेवटचा कापूस पहिल्यात मिसळून भाव वाढत नाही. उलट चांगल्या मालाचा माइक खाली ओढला जातो आणि एकूण ढीग नापसंत होतो. कवडी शेतातच वेगळ्या पिशवीत टाका, ती पिशवी कापडी असावी. पूर्ण उकललेलं बोंडच वेचा, दव सुकल्यावर. हमीभावाच्या खरेदीत लांब धाग्याच्या, 29.5 ते 30.5 मिलिमीटर, कापसाला माइक 3.5 ते 4.3 धरला आहे, आणि 24.5 ते 25.5 मिलिमीटरच्या मध्यम धाग्याला 4.3 ते 5.1. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर माल घेत नाहीत. शेवटची वेचणी बहुधा माइकच्या खालच्या रेषेशी अडकते.

लालबाग: गिरणीत ‘माइक जास्त तो कापूस चांगला’ असं ऐकत आलो. मग जास्त माइकचाच कापूस का घेत नाहीत?

जाड सुतासाठी ते चालून जातं. बारीक सुतात गणित उलटतं. 60 नंबरचं सूत म्हणजे 9.84 टेक्स (एका किलोमीटर सुताचं ग्रॅममधलं वजन). तंतू 150 मिलिटेक्सचा असेल तर सुताच्या आडव्या छेदात सरासरी 66 तंतू बसतात. 190 चा असेल तर 52. तंतू कमी झाले की सूत असमान होतं, ताकद घटते, रिंगफ्रेमवर तार वारंवार तुटते. कापूस पूर्ण पक्व असूनही हे होतं. 5 आणि त्यावरचा माइक म्हणूनच अमेरिकेच्या बाजारातही सवलतीने विकला जातो, जसा 3.4 आणि त्याखालचा. त्यांचा अधिमूल्याचा पट्टा 3.7 ते 4.2 आहे.

जुन्या गिरणीकामगाराला हे सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी: कमी माइकचा माल आलाच तर कार्डिंगमध्ये (तंतू विंचरून सुटे करण्यात) घाई करू नये. ब्लो रूममधले बीटर कमी वेगाने चालवा, एखादा फटका वगळता आला तर वगळा. तिथे नेप वाढतातच. लिकर-इनचा (कार्डच्या पहिल्या दातेरी रुळाचा) वेग उतरवा. सिलिंडर आणि फ्लॅटमधलं अंतर 8 ते 10 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवा आणि तारांची धार पाहा, बोथट तार नेप सोडवण्याऐवजी घट्ट गुंडाळते. कोंबिंगमध्ये नॉइल (विंचरून काढलेले आखूड तंतू) वाढवल्यास उरलेले नेप जातात, पण तो पैसा नॉइलच्या पोत्यात जातो, सुतात नाही.

शिवडी: पावसाळ्यात गोदामात राहिलेल्या गाठींची परिपक्वता कमी होते का?

नाही. भिंत बोंडात ठरली, नंतर ती ना भरते ना झिजते. ओल्या गाठीत बुरशी आणि जीवाणू लागून ताकद आणि रंग जातो, ती वेगळी हानी. माइकचा आकडा मात्र ओलाव्याने थोडा सरकतो, म्हणून नमुना 27 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत 24 तास ठेवूनच तपासावा. खिडकीशी, दमट हवेत तपासलेल्या आकड्यावर भांडण उभं करू नका.

गिरगाव: गादी नवीन भरून घेतली आणि वर्षभरात कापसाचे गोळे झाले. पिंजाऱ्याने फसवलं का?

कापूस कोणता भरला त्यावर आहे. अपक्व तंतूला ताठपणा नाही, दाबला की तो दाबलेलाच राहतो. गिरणीतला वाया गेलेला माल, म्हणजे कार्डच्या पट्ट्या आणि कोंबिंगचं नॉइल, यांत आखूड आणि अपक्व तंतूच जास्त. स्वस्त गाद्यांत तो भरपूर घालतात. गादीला उलट जाड, आखूड, उसळी असलेला देशी कापूस चांगला, ज्याला सूतगिरणी फारशी विचारत नाही. भरण्याआधी मूठभर कापूस अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि सोडा. चांगला कापूस लगेच फुलू लागतो; मुठीतली घडी तशीच राहिली तर तो माल परत करा. गोळे झालेली गादी पुन्हा पिंजून काही महिने सुधारते, पण तेच तंतू परत बसणार. पिंजताना निम्मा नवा देशी कापूस घालून घ्या आणि महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी उन्हात टाका.